तुटलेली शेपटी

आज नातीने वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखवली. सूर्यावरील वादळ चुंबकीय क्षेत्रासह येऊन धडकले की धूमकेतूची शेपटी तुटते आणि काही वेळाने नवी फुटते. मी तिला ती पुन्हा वाचायला लावली.

दुष्काळात शिरूरहून आम्ही एका सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला गेलो होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जाई. पेटलेल्या पाचटाच्या धुरापलीकडे रोज सायंकाळी धूमकेतू दिसे. एकदा डोक्यावरची मोळी उतरवून पत्नी म्हणाली, "आवं, ताऱ्याची शेपटी तुटलीय बघा." मी वळेपर्यंत तो ढगाआड गेला होता.

दुसऱ्या सायंकाळी शेपटी अखंड होती. टोळी हसली. मुकादम हसला नाही.

"वैनी, तुमाला सांजंचं दिसंना. कोयता पायावर बसंल. गावाकडं जावा."

"माजी नजर साफ हाय. म्या बघितलं."

मुकादमाने तिला परतीच्या ट्रकमध्ये बसवले. उरलेला हंगाम मी अर्धा कोयता म्हणून काढला.

पुढे तिचाच आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. दिवेलागणीला सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारी. ती असेपर्यंत मी तो ओवून देत राहिलो.