अन्न सोडलं, एवढंच लिहिलं

त्या माणसाने आत्महत्या केली नव्हती. तो घशातल्या गाठीने गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण कंपनीच्या दप्तरी याच्या उलट नोंद झाली आणि ती माझ्या हाताने झाली.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. साताऱ्यात एका विमा कंपनीच्या शाखेत मी क्लेमचा तपासनीस होतो. ती कंपनी आता नाही. विमा उतरवलेला माणूस गेला की त्याच्या गावी जायचं, मरण खरं आहे का, वय खरं सांगितलं होतं का, आजार लपवला होता का, हे पाहून अहवाल द्यायचा, असं माझं काम. नोकरी हंगामी होती. मुदत संपत आली की साहेब ती वाढवत, मनात असेल तर. घरी आई दम्याने बेजार आणि बायकोला दिवस गेलेले.

साहेबांची एक रीत होती. पैसे द्यावेत असा अहवाल आणला की आमच्या प्रवासभत्त्याचं बिल त्यांच्या टेबलावर धूळ खात पडे. पैसे नाकारण्यासारखं काही सापडलं की बिल त्याच दिवशी मंजूर. 'नाकारा' असं ते तोंडाने कधीच म्हणाले नाहीत. म्हणायचे, "काय हो, तेराव्याचं जेवून आलात वाटतं? भलतेच विरघळलाय." सगळे हसत. मीही हसत असे.

शेजारच्या टेबलावर वाईचे एक गृहस्थ होते, माझ्याहून बरेच मोठे. लागोपाठ दोन विधवांचे पैसे द्यावेत असं त्यांनी लिहिलं आणि त्यांची मुदत वाढली नाही. जाताना कपाटामागे त्यांची छत्री राहिली. ती न्यायलाही ते परत जिना चढले नाहीत. पुढे ती छत्री मी वापरायला लागलो.

अशात सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातलं प्रकरण आलं. हळदीचा व्यापार करणारा जैन गृहस्थ, चाळिशीतला. पॉलिसी घेतल्याला वर्ष व्हायच्या आत गेला. साहेबांनी मला आत बोलावलं.

"वर्षाच्या आत गेलाय. म्हणजे काहीतरी असणारच. तुमच्या मुदतीचा कागद माझ्या खणात आहे, एवढं ध्यानात ठेवून जा."

आधी सांगलीत त्याच्या डॉक्टरांना भेटलो. ते सरळ माणूस होते. म्हणाले, "पॉलिसीच्या वेळी ठणठणीत होता हो. गाठ नंतर आली. मुंबईला पाठवणार होतो, तोवर पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, माझ्याही नाही. लिहून देतो, घेऊन जा." त्यांनी लिहून दिलं. लपवलेला आजार नाही, खोटं वय नाही. मयताची बाजू इतकी स्वच्छ होती की माझी नोकरी गेल्यातच जमा होती.

पुढचा प्रवास कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटरने. ड्रायव्हरने माझी बॅग पाहूनच ओळखलं. "विमावाले न्हवं? बसा पुढं. तुमी आलासा म्हंजे मानूस नक्की मेलाय." मागची माणसं खिदळली. कुणीतरी म्हणालं, "आवं, यम निदान एकदा येऊन जातो. ह्ये दोनदा येत्यात!"

घर भाड्याचं होतं, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात माल उरला नव्हता, पण भिंतींना हळदीचा वास होता. बाई ओसरीवर बसली होती. दोन मुली दाराआड. शेजारचे एक म्हातारे, ज्यांना ती अण्णा म्हणत होती, माझ्यासमोर घोंगडं टाकून स्वतः बाजूला बसले.

बाई आडपडदा न ठेवता बोलली. "ते पैसं आलं तर हितंच ऱ्हाऊन दुकान चालवीन म्हन्ते. मला हळद कळती. न्हाईतर चिकोडीला भावाकडं जायाचं, भावजयीच्या हाताखाली. थोरलीचं लगीन ठरल्यालं हाय, ते तरी हितनं व्हावं."

मी नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटचे दिवस कसे गेले? माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. पण तिने पदर सारखा केला आणि ताठ बसली.

"त्येनी सल्लेखना घेतली. डॉक्टरनं हात टेकल्यावर. आदी दूध सोडलं, मग पानी. लय शांत गेले. सगळं गाव दर्शनाला आलं हुतं."

मरण समोर उभं राहिलं की जैन माणूस अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडण्याचं हे व्रत घेतो. त्याला जीव देणं म्हणत नाहीत. शाळेला मी सांगलीत मामाकडे होतो, जैनांच्या गल्लीतच वाढलो होतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण साताऱ्यातल्या साहेबांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि पहिल्या वर्षात आत्महत्या झाली तर पैसे द्यायचे नाहीत, हे कलम मला तोंडपाठ होतं. मी परत विचारलं.

"म्हणजे अन्न त्यांनी आपणहून सोडलं?"

"व्हय. आपल्या मनानं."

"कुणी सांगितलं म्हणून नाही?"

"कोन सांगनार? येवढं धाडस सांगून येतं व्हय?"

अण्णांना माझा रोख कळला असावा. ते पुढे सरकले. "सायेब, घशाचंबी लिवा की. त्येला गिळवतच न्हवतं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अक्का, तू सरळ सांग, गिळवंना म्हनून खाल्लं न्हाई."

"तसं कसं म्हनू, अण्णा? मग त्येंचं व्रत खोटं का?"

मी तिला सांगू शकत होतो, की बाई, दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगा. मी सांगितलं नाही. मी तिच्या जबानीत लिहिलं, मयताने आपल्या मनाने अन्नपाणी सोडून मरण पत्करलं. घशाचं लिहिलं नाही. सही करताना तिने विचारलं, "नीट लिवलंसा न्हवं?"

"तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय," मी म्हणालो. पुढे कित्येक वर्षं हेच वाक्य मी स्वतःलाही ऐकवत आलो.

अहवालाला मी डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं, तेवढी लाज शिल्लक होती. साहेबांनी जबानी वाचली, पत्र टाचणीतून सोडवलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे कशाला?" मी ते घेतलं आणि खिशात घातलं. त्याच दिवशी बिल मंजूर झालं आणि काही दिवसांनी मी कायम झालो. आईचं औषध घेतलं. बायकोने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर क्लेमच्या कामावर निघालो की मला मळमळायचं. मोटर थांबवून रस्त्याकडेला ओकलोही आहे. पण काम सोडलं नाही. आणखी किती घरांतून माणसांचेच शब्द उचलून त्यांच्याविरुद्ध लिहिले, ते सगळं आता आठवतही नाही. हे एक घर जात नाही.

दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कामाने सांगलीला गेलो तेव्हा त्या गावात उतरलो. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दुकानात दुसऱ्याच कुणाचं शिवणयंत्र चालू होतं. अण्णा ओट्यावर होते. डोळे गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या हळदवाल्यांचं काय झालं, असं मी विचारलं.

"कंपनीचं विंग्रजी पत्र आलं. मास्तरनं हितंच वाचून दावलं, ह्याच ओट्यावर. जीव दिला म्हनं त्येनं. अक्का म्हनली, पैसं न्हाई दिलं तर ऱ्हाऊ द्या, पर जीव दिला म्हनू नका. जैन बस्तीच्या देवळाम्होरं बसून येनाऱ्या-जानाऱ्याला इचारायची, तुमी दर्शन घेतलं हुतं न्हवं? मग सांगा की, जीव दिला का त्येनी?"

"मग?"

"मग काय. सरकारी दिसनारा कागद. थोरलीच्या सासरच्यांनी ठरल्यालं मोडलं. गेल्या चिकोडीला तिघी."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "तुमी कोन म्हनायचं?"

डॉक्टरांचं पत्र तेव्हा साताऱ्यात माझ्या ट्रंकेत होतं. तोंड उघडून खरं सांगायला तिथे कुणाचीच आडकाठी नव्हती. ना साहेब, ना मुदत.

"हळदीला आलो होतो," मी म्हणालो.

"उशीर केलासा गड्या. चांगली हळद त्येच्याकडंच मिळायची." त्यांनी चाचपडत तांब्या पुढे सरकवला. "उनाचं आलासा, पानी तरी प्या."

मी पाणी प्यालो आणि मोटर येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिलो.