बांधाचं टोक

शिंदखेड्याच्या बाजूला बुराई नदीवर पूल होत होता, तेव्हा मी तिथे ओव्हरसियर होतो. माझ्याकडे होता पुलाच्या वरच्या अंगाचा मार्गदर्शक बांध. पुरात नदी वाटेल तिकडे धावते. तिला आवरून पुलाच्या गाळ्यांखालून सरळ न्यायचं, एवढंच त्या बांधाचं काम. पुलाला हार घालायला पुढारी येतात, बांधाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

नकाशाप्रमाणे बांधाच्या टोकाचा भराव जिथे पडणार होता, तिथे गाव तान्ही लेकरं पुरत असे. इतक्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत. आदल्या वर्षी आमची अडीच महिन्यांची मुलगी मी तिथेच, करंजाच्या झाडाजवळ, माझ्या हातांनी ठेवली होती.

बायकोला कळलं तशी ती चुलीपुढून उठली.

"तठे मनी पोर शे," ती म्हणाली. "तिनावर दगडं नका टाका."

मी टोक पन्नास पावलं अलीकडे घेतलं. साहेबांना सांगितलं, पुढे पायाला नुसता गाळ आहे. त्यांनी विश्वासाने सही केली. गावातल्या बायकांनी मला दुवा दिला आणि मीही स्वतःवर खूश झालो. टोकाला वळसा घालताना पाणी खालची माती खणून काढतं, हे परीक्षेत लिहून मी पास झालेला माणूस! पण तेव्हा अक्कल गहाण टाकली होती.

श्रावणात पूर आला. आम्ही दोघं पुलावर उभे होतो. पूर्वी त्या काठावर पाणी हळूच चढायचं, हळूच उतरायचं. आता ते टोकाला धडकलं, गरगर फिरलं आणि काठाची ढेकळंच्या ढेकळं ओढू लागलं. करंज आडवा झाला. मग त्याच्याजवळची जमीन गेली. पूल जागचा हलला नाही, म्हणून लोक कौतुक करत होते.

नकाशाप्रमाणे बांधलं असतं, तर ती भरावाखाली सुखरूप राहिली असती. मीच तिला दुसऱ्यांदा घालवली. हे बायकोला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

दसऱ्यानंतर जळगावला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवून झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

"नदी लई गई तिले," ती म्हणाली. "पण तुम्हीन मनं आयकं. तेच मले पुष्कळ शे."

मी मान खाली घातली. तिच्यासमोर रडायचीसुद्धा मला लाज वाटली.