कप्तानाची बिस्किटं

जेद्दाच्या बंदरात एका टगबोटीवर मी कुक होतो. कप्तान स्कॉटिश. त्याचा खापरपणजा देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी होता आणि त्या जहाजाचं चित्र ह्याने आमच्या जेवणाच्या खोलीत टांगलेलं.

ऐन ऑगस्टात खलाशांच्या केबिनचा एसी बंद पडला. कप्तानाचा चालू होता. माझ्या गावचा एक खलाशी चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी कप्तानाला मेकॅनिक बोलवायला सांगितलं. मेल्याने चित्राकडे बोट केलं. म्हणे, ती माणसं महिनोन्‌महिने बर्फात देवमाशाची चरबी कापायची, खारवलेलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं खायची, पण कधी कुरकुर नाही.

बरं, म्हटलं.

दोन दिवसांनी त्याच्या ताटात तेच वाढलं. मिठात मुरवलेलं मांस, आणि पीठ-मीठ-पाण्याची, तीनदा भाजून कडक केलेली बिस्किटं. पहिल्या दिवशी तो हसला, फोटोही काढला. समोर आम्ही हामूर माशाचं सालन भातावर ओतून घेत होतो. आता सगळ्यांदेखत कुरकुर करणार कशी? तिसऱ्या दिवशी त्याची दाढ हलली.

"आज मासा नाही का?" त्याने हळूच विचारलं.

मी चित्राकडे बोट केलं.

संध्याकाळी मेकॅनिक आला आणि एसी सुरू झाला. बिस्किटं मी आणखी आठवडाभर भाजली.