हँडलवरची सैल पाटी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला कामावर सगळे ‘पाना’ म्हणत. खिशात पाना आणि हाताला खाज. कुठे काही खडखडलं की याने आवळलंच म्हणून समजा. शेजाऱ्यांच्या दाराच्या बिजागऱ्यासुद्धा त्याने न विचारता आवळून ठेवल्या होत्या. असा माणूस पन्नाशीत सायकल घेऊन जंगलात नकाशे वाचायला निघाला, तेव्हा पोट कमी करायचं नवं खूळ, म्हणून बायकोने तिकडे दुर्लक्ष केलं. खरं कारण त्याने तिला सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय, कपाळ?

झालं होतं एवढंच, की कामावरून येताना तो आपल्याच गल्लीचं वळण विसरून पुढे गेला. दुसरा कुणी हसून मागे फिरला असता. याच्या काळजात धस्स झालं. त्याच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, याच वयात, असंच एक वळण चुकून. आता तर बाबांना घरातलं बाथरूम सापडत नाही. पानाची झोप उडाली. डॉक्टरकडे जायची हिंमत होईना. अशात सायकलच्या दुकानात स्पर्धेची जाहिरात दिसली: नकाशावर गोल करून दिलेली ठिकाणं जंगलातल्या वाटांवरून सायकलने एकामागून एक शोधायची. सापडली तर डोकं शाबूत. नाही सापडली तर... पुढचं तो मनातसुद्धा बोलत नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी नकाशे वाटणाऱ्या बाईंनी नवख्यांना हँडलवर लावायची एकेक पाटी उसनी दिली. नकाशा तिच्यावर बसवायचा. कसा वाचायचा तेही त्या सांगत होत्या, पण याचं लक्ष होतं कुठे? त्याला दिसलं ते एवढंच, की बोट लागताच पाटी गरकन फिरते. इतकी सैल! याला राहवेल होय? त्याने पाना काढला आणि पाटी अशी आवळली की देव आला तरी हलू नये.

गोल केलेल्या प्रत्येक ठिकाणी नंबर घातलेला एक खांब होता. पहिले काही खांब झकास सापडले. नकाशात जे वर, तेच समोर. मग वाट टेकडीला वळसा घालून उलटी फिरली आणि सगळा घोळ सुरू झाला. नकाशाप्रमाणे उजवीकडे वळावं, तर भलत्याच नंबरचा खांब. मागे यावं, नीट बघून पुन्हा उजवीकडे वळावं, तर पुन्हा तोच मेला खांब. सायकल आडवी टाकून तो मटकन खाली बसला.

“सुरू झालं,” तो एकटाच म्हणाला.

सगळे परतले तरी हा आला नाही, म्हणून बाई शोधत आल्या. त्यांनी पाटी फिरवून पाहिली. ती फिरेना.

“ही कोणी आवळली?”

“मीच.”

“अहो, ती फिरायलाच केलेली असते. आपण वळलो की नकाशाही फिरवायचा, म्हणजे समोरची वाट नकाशातही समोर येते. तुम्ही मघापासून उजवं-डावं उलटं वाचताय.”

नवखे सगळेच चुकतात, पण आवळून चुकलेला हा पहिलाच, असंही त्या म्हणाल्या. तो इतका हसला की बाईच घाबरल्या. जिवात जीव आला होता. शीळ घालत तो घराकडे निघाला आणि वाटेत त्याची शीळ आपोआप थांबली. बाबांना असं कुणी येऊन काही सैल करून देणार नव्हतं.

घरी बाबा बोळात उभे होते, एक हात भिंतीवर. बाथरूम सापडत नव्हतं. एरवी तो खुर्चीतूनच, समोर तर आहे, म्हणून खेकसायचा. आज बूट न काढताच गेला आणि त्यांचा हात धरला.

“बाबा, मी आज रस्ता चुकलो होतो. कुठे आहे तेच कळेना. फार घाबरलो.”

बाबा लहान पोराला दटावावं तसे बोलले.

“मग इकडेतिकडे कशाला पळायचं? एका जागी उभं राहायचं. मी येतो ना शोधायला.”