भिंतीकडचं मडगार्ड

क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चकाकीच्या थराचा शेवटचा हात मारून पाच दिवस झाले होते, आणि मी दिवसातून दहा वेळा त्या छोट्या ट्रकला नाक लावत होतो. वास येतोय म्हणजे थर आतून अजून मऊ आहे. ॲक्रिलिक क्लिअरला निदान दहा दिवस द्यावेत, मगच घासायला घ्यावं. हे मला पाठ होतं. तरी हात शिवशिवत होते.

"मसाल्याचा डबा हुंगल्यासारखं काय चाललंय?" बायको म्हणाली. "खाली गिऱ्हाईक ताटकळलंय."

खाली जाऊन मी त्या गिऱ्हाइकालाच झापलं. धाराशिवात माझा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. शून्यातून उभा केलाय. भाव करताना मी कधी घाई करत नाही, पण त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. उस्ताद शुक्रवारी सकाळच्या एसटीनं सोलापूरला, लेकीकडं कायमचे राहायला जाणार होते.

मी गाड्यांचं रंगकाम शिकलो ते त्यांच्या गॅरेजात. सहा वर्षं प्रायमर घासला. एकदा एका डॉक्टरांच्या गाडीच्या बॉनेटची कड माझ्या हातून जास्त घासली गेली आणि खालचा पांढरा प्रायमर दिसायला लागला. उस्ताद चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ह्याच्या हाताला सबुरी न्हाय. ह्याला पॉलिशला कधी घेऊ नका." तेरखेड्याचा एक फटाकेवाला आपला गोल नाकाचा लाल ट्रक घेऊन आला, तेव्हा त्यांनी तीन दिवस एकट्यानं पॉलिश केलं. मला फडकंसुद्धा धरू दिलं नाही. महिन्याभरात मी गॅरेज सोडलं. ते वाक्य मात्र अजून माझ्या डोक्यात बसलेलं आहे.

तोच ट्रक मी खऱ्या मापाच्या चोविसाव्या हिश्शाचा केला होता. प्लास्टिकचा पत्रा कापून, चाकांपासून सगळा हातानं. त्याची चकाकी बघून उस्तादांनी आपलं वाक्य मागं घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

मी फोन लावला. "उस्ताद, आठ दिवस थांबा की. एवढी काय घाई हाय?"

"लेकीनं खोली तयार ठेवलीय. हितं थांबून काय करू?"

"बरं, पाच दिवस तरी."

"अरे, मी काय जुनी गाडी हाय का, भाव पाडाया बसलास?"

शेवटी त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी चहाला यायचं त्यांनी कबूल केलं.

त्याच दुपारी मी वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश कागद, भिजवला. पाण्यात साबणाचा एक थेंब, कागद अगदी बारीक. घासताना निघणारं पाणी दुधाळ असलं की फक्त क्लिअर निघतोय असं समजायचं. केबिनचं छत झकास जमलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात सुतासारखं सरळ दिसलं. मी खूश झालो आणि तिथंच चुकलो. कडांना टेप न लावता मडगार्डवर आलो. मोठ्या गाडीच्या सवयीनं बोट दाबलं. मऊ थर कागदाला चिकटून गोळा झाला, पाणी तांबूस झालं आणि कडेवर तांदळाएवढा पांढरा प्रायमर उघडा पडला.

टूथपिकनं लाल रंग लावला, वरून मेण चोळलं. मग ट्रक टेबलावर असा ठेवला, की ते मडगार्ड भिंतीकडं गेलं. आमच्या धंद्यात खराब बाजू भिंतीलाच लावतात. मी स्वतः गाडी घ्यायला जातो तेव्हा आधी भिंतीकडच्या सापटीत घुसतो.

उस्ताद आले, चहा प्यायले. चष्मा पुसून त्यांनी समोरची बाजू पाहिली आणि ट्रक उचलून फिरवला. त्या मडगार्डवरून अंगठा नेला. बोटाला मेण लागलं.

"किती दिवस वाळला?"

"पाच," मी म्हणालो. मग माझा पारा चढला. "तुमी थांबला असता तर झालं असतं की नीट! आठ दिवस मागितले व्हते."

"आजच दाव म्हणलो व्हतो व्हय मी?"

"उद्या जाणार ना तुमी!"

"सोलापूर काय इलायत हाय? एसटीत बसून यायचं, गाडी मांडीवर घेऊन."

हे मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी ट्रक उजेडात धरून छत बराच वेळ पाहिलं.

"छत बरं हाय."

"बरं का चांगलं?"

"बरं."

"उस्ताद, ट्यूबलाइट बघा की त्यात. नुसत्या छताला तरी चांगलं म्हणा."

"बरं हाय म्हणलं ना," ते उठत म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी जिन्यात त्यांच्या मागं जाऊन ते 'चांगलं' आणखी एकदा मागितलं. ते हसले, पण 'बरं'वरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची एसटी सुटायच्या सुमारास मी त्या मडगार्डचा सगळा रंग प्लास्टिकपर्यंत उतरवत बसलो होतो.