आमच्या संत्र्यावरच्या किड्यांचं मूळ गाव

विदर्भातून भिलाईत आलेल्या आमच्या लोकांना एक खोड आहे. गावाहून परतताना रेल्वेच्या सीटखाली ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एखादं रोप हवंच. सेक्टर दोनमधल्या आमच्या अंगणातलं संत्रं बाबांनी असंच काटोलहून आणलं. आईनं वर्ध्याकडच्या माहेराहून गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, आणला. इथल्या कढीपत्त्याला वासच नाही, हे तिचं ठाम मत.

मग संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर सायला आला. तिळाएवढा किडा, पण रस शोषून पालवी पार वाकडी करतो. गोडनिंबावरही तो सुखानं नांदतो. बाबांनी आरोपी लगेच ठरवला: भिंतीपलीकडच्या काकांचा कढीपत्ता. काका आंध्रातले, रोपही तिकडूनच आणलेलं; स्टील प्लांटमध्ये ते बाबांच्याच शिफ्टला होते. रिटायर झाल्यावरही दोघांचा संध्याकाळचा चहा भिंतीवर कप ठेवून व्हायचा.

"त्यायच्याच झाडावरून येऊन राह्यले. तोडा म्हनलं त्यायले," बाबा म्हणाले. चहा बंद झाला. एका किड्यापायी एवढी जुनी मैत्री मोडायची? मला बाबांचा भयंकर राग आला.

मी किड्यांच्या जनुकांवर संशोधन करते. घरात त्याला 'किडे मारणं' म्हणतात. दोन्ही अंगणांतले सायले मी अल्कोहोलच्या कुप्यांत भरले, लॅबमध्ये त्यांच्या डीएनएचा एक तुकडा वाचला आणि तिथे आधीच असलेल्या विदर्भ-आंध्रातल्या नमुन्यांशी ताडून पाहिला. वेगवेगळ्या भागांतल्या किड्यांत बारीक फरक सापडले, तर कोण कुठला ते कळतं.

निकाल लागला. दोन्ही अंगणांतले किडे एकाच कुळातले, अस्सल वैदर्भीय. काकांच्या झाडावर आंध्राचा एकही नव्हता. आमचेच तिकडे गेले होते.

"हा तुकडा पिल्लाला फक्त आईकडून मिळतो," मी समजावू लागले.

"मंग झालंच! मायकडचेच आहेत," बाबांनी आईकडे पाहिलं.

"कावून? तुमच्या काटोलचे नसतीन?" आई कडाडली.

विज्ञान विदर्भापर्यंत आणून सोडतं, नवरा-बायकोच्या भांडणात पडत नाही, असं सांगून मी अंग काढून घेतलं. पण बाबा चपला घालून काकांकडे निघाले, मी मागोमाग.

काकांच्या अंगणात कढीपत्ता नव्हता. जमिनीलगत छाटलेला ताजा बुंधा तेवढा होता.

"आज सुबह काट दिया," काका म्हणाले. "आप चाय पे नहीं आ रहे थे न."

बाबा बुंध्यापाशी उकिडवे बसले. "कीड़े हमारे थे," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. रिपोर्ट मी पर्समधून काढलाच नाही.

कढीपत्ता मुळातून पुन्हा फुटतो. बाबा आता रोज सकाळी पाण्याचा पाइप आधी भिंतीपलीकडे टाकतात. संत्र्याचा नंबर नंतर.