चौदा मागण्यांचं निवेदन

माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर गेली. लोकांनी आणलेली निवेदनं घ्यायची, शिक्का मारून पोच द्यायची आणि फायलीत लावून टाकायची. निवेदन कसं मरतं हे मी इतकं जवळून पाहिलंय की त्यावर मला कुणी व्याख्यानाला बोलवायला हरकत नाही. म्हणून निवृत्तीनंतर स्वतः निवेदन द्यायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता बघाच.

आम्ही एका मराठी शब्दकोड्याच्या साइटवरची माणसं. रोज सकाळी सहाला तिथं नवं कोडं येतं आणि कोड्याखाली गप्पा चालतात. नेमानं येणारे चाळीसेक जण. त्यात उजनीच्या पाण्याकाठी केळी पिकवणारे एक शेतकरी आहेत, अक्कलकोटचे एक दुकानदार आहेत आणि बार्शीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंची नजर गेल्या काही वर्षांत पार गेली. फोन त्यांना कोडं वाचून दाखवायचा, त्या उत्तरं बोलून भरायच्या.

गेल्या उन्हाळ्यात साइटनं नवं रूप घेतलं. नवे रंग, गोल कोपरे, हलणारी चित्रं. तिसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन आला. आमची चार वर्षांची ओळख, पण प्रत्यक्ष भेट कधी नाही.

"भाऊसाहेब, कोडं बंद झालं की माझं. कुठल्याबी चौकटीवर बोट ठेवलं की फोन नुसता 'बटन' म्हणतोय. बटन, बटन, बटन. आडवं कुठलं, उभं कुठलं, काय कळत नाही."

"साइटवाल्यांकडं तक्रार करा की."

"तक्रारीच्या पानावर पण तेच हाय. तुम्ही सांगा त्यांना. प्रत्येक बटनाला नाव द्या म्हणावं, झालं. दिवसाची सुरुवातच गेली हो माझी."

शेवटचं वाक्य त्या हसत म्हणाल्या, पण ते हसणं खरं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथल्या तिथं दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या. पण एकट्यादुकट्याच्या अर्जाचं काय होतं ते माझ्याच हातून झालेलं होतं. शिष्टमंडळ आलं की साहेब खुर्ची द्यायचे. तेव्हा मी समिती काढली.

फोनवर गट झाला. 'कृती समिती' म्हणायचं की 'संघर्ष समिती', यात तीन दिवस गेले. अक्कलकोटचे दुकानदार अध्यक्ष झाले, उपाध्यक्ष चार झाले, कारण कुणाला दुखवायचं नव्हतं. मी स्वतःला निमंत्रक नेमून घेतलं. बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मोर्चा कुठं निघणार? आपल्या गच्चीवर?" शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत चळवळीला घरातूनच विरोध होता असं मी गटावर कळवलं.

मग मागण्या यायला लागल्या. केळीवाल्यांचं म्हणणं, कोडं पहाटे पाचलाच टाका, सहाला मला पाण्याची मोटार सुरू करायला जावं लागतं. अध्यक्षांचं म्हणणं, आमच्या भागात रोजच्या बोलण्यातले कानडी शब्द चूक धरू नका. एका प्राध्यापकांना नवा निळा रंग खुपत होता. जुन्या सभासदांच्या नावापुढचा सोनेरी तारा परत मिळावा, अशीही एक मागणी होती. ती कुणाची हे मी गटावर सांगितलं नाही, पण तारा माझाच गेला होता.

अशा चौदा मागण्या झाल्या. बाईंची चौदावी. शेवटची मागणी साहेबांच्या लक्षात राहते, असं मी ठासून सांगितलं. कचेरीत पहिलं पान उलटून कुणी वाचल्याचं मला आठवत नाही, पण निमंत्रक म्हटल्यावर ठासून बोलावंच लागतं.

मसुदा अर्थातच मी केला. 'बटनाला नाव द्या' हे मला फार उघडंवाघडं वाटलं. मी लिहिलं, 'दृष्टिबाधित सभासदांच्या सोयीच्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि चहा मागितला. मग लेटरहेड छापलं, समितीचा गोल रबरी शिक्का करून घेतला. गावातल्यांनी घरी येऊन सह्या केल्या, बाहेरगावच्यांच्या सह्यांचे फोटो मागवून मी कात्रीनं कापून चिकटवले. शिक्का मारला, दोन्ही पानांचे स्वच्छ फोटो काढले आणि साइटवाल्यांना पाठवून गप्पांच्या जागेतही लावले. 'जोरदार', 'दणदणीत' असे शेरे आले. या सगळ्याला वीस दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. गप्पा त्यांना अजून कशाबशा ऐकता येत होत्या.

"भाऊसाहेब, समदे म्हणतायत निवेदन लई भारी झालंय. माझा फोन नुसता 'चित्र' म्हणतोय. दोन चित्रं. जरा वाचून दाखवा की."

फोटोतली अक्षरं त्यांचा फोन वाचत नव्हता. ज्या बाईंसाठी हे सगळं, त्यांना न वाचता येणारी एकच गोष्ट मी शिक्का मारून तयार केली होती. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. निळा रंग वाचला, पाच वाजताचं कोडं वाचलं, सोनेरी तारा जरा भरभर वाचला. तेरा झाल्या. चौदावी मागणी डोळ्यांसमोर आली आणि मनात आलं, यांना कुठं दिसतंय, 'बटनाला नाव द्यावे' असंच वाचून टाकावं.

"थांबलात का? हाय तसं वाचा."

मी आहे तसं वाचलं.

"यात बटन कुठाय?" बाईंनी विचारलं.

मी शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा उगाच कागद उलटून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "घ्या लिहून, मी सांगते." आणि त्यांनी मला शुद्धलेखन घातलं, 'अंध माणसाचा फोन तुमच्या चौकटी ओळखत नाही. प्रत्येक बटनाला नाव द्या.' खाली त्यांचा नंबर. सुरुवातीला 'उपरोक्त विषयास अनुसरून' घालायला माझा हात शिवशिवत होता, पण आवरला. दोन ओळी तशाच पाठवल्या. दुपारी साइटवरच्या एका मुलीनं बाईंना फोन केला. एकेका चौकटीवर बोट ठेवायला लावून अर्धा तास सगळं समजून घेतलं. चौथ्या दिवशी बाईंचं कोडं चालू झालं. निवेदनाची पोच अजून आलेली नाही.

त्या रविवारी समितीनं फोनवरच विजयी मेळावा घेतला. मी संघटनेच्या ताकदीवर वीस मिनिटं बोललो. दोन ओळींचा विषय काढला नाही. बाई ऐकत होत्या, त्यांनीही काढला नाही. संध्याकाळी मला राहवेना, मी त्यांना फोन लावला.

"बाई, माझ्या निवेदनापायी तुमचे वीस दिवस गेले. रागावला असाल."

"नाही हो. कागदाला वेळ लागतोच की." मग म्हणाल्या, "पण रोज सहाला फोन घेऊन बसायचे मी. वाटायचं, चाळीस जणांतलं कुणीतरी फोन करंल आणि आजचं कोडं वाचून दाखवंल. दहा मिनिटांचं तर काम."

"मग सांगायचं नाही का?"

"तीपण मागणीच करायची होती का, भाऊसाहेब?"

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या वीसही दिवस सकाळी सहाला मी जागा होतो, आणि माझ्या हातात फोनच होता.